हवामानशास्त्रज्ञ करतात तरी काय? सातारा-सांगलीकडच्या मंडळींचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी माण तालुक्यातली. गेली बरीच वर्षं पुण्यात वातावरण आणि हवामान या विषयात संशोधन करते. सुट्टीला गावी आले की एसटी स्टँडपासून हळदीच्या मांडवापर्यंत तेच तेच प्रश्न येतात. शाळा-कॉलेजात बोलायला गेलं की त्यात 'पॅकेज किती?' याची भर पडते. उत्तरं देऊन देऊन पाठ झाली आहेत, म्हणून एकदाची लिहून काढली. प्रश्न लोक विचारतात त्याच भाषेत ठेवलेत.

तू हवामान खात्यात ना गं? मग यंदा पाऊस कसा आहे?

मी खात्यात नाही. रोजचा अंदाज देणं, इशारे काढणं हे भारतीय हवामानशास्त्र विभागाचं काम. हा विभाग १८७५ सालचा. पुण्यात शिवाजीनगरला 'सिमला ऑफिस' नावाचा चौक आहे. तिथून रोज जाणाऱ्या कित्येकांना ते नाव कशावरून पडलं हे ठाऊक नसतं. विभागाचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आलं, म्हणून ते सिमला ऑफिस. पुढे मुख्यालय दिल्लीला गेलं, चौकाचं नाव मात्र राहिलं. संशोधन करणारी संस्था वेगळी: पाषाणला भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे, १९६२ साली स्थापन झालेली. अंदाज देणारे आणि अंदाज सुधारणारे अशी ही ढोबळ वाटणी समजा. आमच्यासारखे लोक दुसऱ्या गटात.

आता 'यंदा कसा आहे' याचं. एप्रिलमध्ये पेपरात येतं की पाऊस सरासरीच्या अमुक टक्के पडेल. ती सरासरी अख्ख्या देशाची, जून ते सप्टेंबर या चार महिन्यांची, ८७ सेंटिमीटर. तिच्या ९६ ते १०४ टक्के पडला तर 'सर्वसाधारण'. तो आकडा खरा ठरूनही म्हसवडला प्यायच्या पाण्याचे टँकर चालू असू शकतात आणि त्याच वर्षी सांगलीत पूरही येऊ शकतो. तेव्हा तो आकडा ऐकून बियाणं आणायला पळू नका.

हवा, हवामान, वातावरण, सगळं एकच ना?

शाळेच्या भूगोलात फरक शिकवलेला असतो, आपण तो परीक्षेनंतर विसरतो. आज दुपारी काय आहे ती 'हवा'. तीस-चाळीस वर्षांच्या हवांची गोळाबेरीज म्हणजे 'हवामान'. वातावरण म्हणजे पृथ्वीभोवतीचं हवेचं पांघरूण. गोंधळ असा की ज्या खात्याला आपण 'हवामान खातं' म्हणतो ते रोज सांगतं हवा, आणि 'हवामान बदल' म्हणतो तेव्हा बोलत असतो तीस वर्षांबद्दल. त्यामुळे जानेवारीत दोन दिवस कडाक्याची थंडी पडली की कुणीतरी मला हटकतंच, "कुठाय तुमची तापमानवाढ?"

हे खूळ तुमच्या डोक्यात शिरलं कुठून?

एसटीतून.

माझं आजोळ जावळीत, मेढ्याच्या पुढे केळघरच्या बाजूला. जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आधी आईबरोबर आजोळी एक फेरी ठरलेली. दहिवडीला गाडीत बसायचं तेव्हा रानं करपलेली, वारा कोरडा, धूळ तोंडात. पुसेगाव, कोरेगाव करत साताऱ्याला यायचं, तिथे आभाळ भरलेलं असायचं. गाडी बदलून मेढ्याला पोचेपर्यंत काचा बंद कराव्या लागायच्या, आणि केळघरला उतरलं की मामा घोंगडीची खोळ घेऊन थांबलेला असायचा. सकाळी निघालेली माणसं दुपारी दुसऱ्याच देशात. दहा वर्षांची असताना मी मामाला विचारलं होतं, इथला पाऊस आमच्याकडे का येत नाही? मामा म्हणाला, "डोंगर वलांडताना दमतो त्यो."

पुढे एमएस्सीला 'पर्जन्यछाया' शिकताना लक्षात आलं की मामाचं उत्तर फारसं चुकलेलं नव्हतं. अरबी समुद्रावरून आलेला दमट वारा सह्याद्रीला धडकतो, त्याला वर चढावं लागतं. वर जाताना हवा पसरते, थंड होते, आणि थंड हवेत वाफ फार मावत नाही. मावत नाही तेवढी वाफ ढग होते, पाऊस होते. माथा ओलांडून हवा पलीकडे उतरली की दाबली जाते, तापते, कोरडी होते. महाबळेश्वरला वर्षाला साधारण साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस. एकोणीस-वीस किलोमीटरवरच्या पाचगणीला त्याचा साधारण तिसरा हिस्सा. घाट उतरून वाईला आलात की हजाराच्या आत. दहिवडी-म्हसवडकडे पाचशेच्या आसपास. हे सगळं एका जिल्ह्यात, साधारण सव्वाशे किलोमीटरच्या आत! जगभरच्या परिषदांमध्ये मी नकाशे बघितलेत, इतक्या कमी अंतरात एवढी उतरंड फार थोड्या ठिकाणी दिसते. मला दुसरीकडे जायची गरजच नव्हती, प्रश्न घरातच होता.

माण, खटाव, आटपाडी, जत या पट्ट्याला जून-जुलैत काही मिळत नाही, कारण पश्चिमेचा वारा जोरात असतो आणि छायाही तेवढीच गडद. सप्टेंबरमध्ये तो वारा मंदावतो, दुपारी तापून गडगडाटी ढग उभे राहतात, तेव्हा कुठे आमच्याकडे पडतो. आमची ज्वारी त्याच्यावर. त्यामुळे 'मान्सून जोरात' अशी बातमी असताना आमच्या गावात कुणाच्या चेहऱ्यावर काही दिसत नाही.

दिवसभर नेमकं काय करता? आभाळाकडे बघत बसता?

माझ्या ऑफिसला खिडकी आहे, पण तिच्यातून शेजारची भिंत दिसते. दिवस जातो कॉम्प्युटरसमोर. आकड्यांच्या भल्यामोठ्या फाइली उघडायच्या, प्रोग्राम लिहायचा, तो चालत नाही म्हणून दुपारपर्यंत चूक शोधायची, संध्याकाळी एक आलेख मिळतो, तो बघून वाटतं की आपण काहीतरी मूलभूत चुकतोय. आमच्या क्षेत्रातली कितीतरी मॉडेलं अजून फोर्ट्रान या जुन्या प्रोग्रामिंग भाषेत आहेत. पायथॉन ही नवी भाषा शिकून आलेली पोरं आधी नाक मुरडतात, मग गुपचूप फोर्ट्रान शिकतात. उरलेला वेळ शोधनिबंध लिहिणं, दुसऱ्यांचे तपासणं, विद्यार्थ्यांशी वाद, आणि सरकारी कागद. कागद बरेच.

पण वर्षातले काही आठवडे वेगळे असतात. महाबळेश्वरला सुमारे १,३५० मीटर उंचीवर ढगांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा २०१२ पासून चालू आहे. एरवी ढगात शिरायचं तर बहुतेक वेळा विमान लागतं. इथे जुलैमध्ये ढगच खाली येऊन प्रयोगशाळेत शिरतो. पर्यटक ज्याला 'धुकं' म्हणून फोटो काढतात तो ढग आहे, आणि तो मोजता येतो. ढगातला थेंब साधारण वीस मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरचा पन्नासावा भाग. पावसाचा चांगला टपोरा थेंब दोन मिलिमीटरचा. व्यासात शंभर पट फरक, म्हणून घनफळात दहा लाख पट. ढगातले दहा लाख थेंब एकत्र आले तर पावसाचा एक होतो. ते नेमके कसे आणि किती वेळात एकत्र येतात, हवेतली धूळ आणि धूर त्यात काय करतात, यावर माणसांची आयुष्यं गेलीत.

ऐकायला हे फार रम्य वाटतं. प्रत्यक्षात तिथे जुलैत कपडे वाळत नाहीत, चामड्याच्या पट्ट्यावर बुरशी येते, पायाला जळवा लागतात, आणि लाखो रुपयांचं उपकरण नेमकं पावसाचा जोर असताना बंद पडतं. पहाटे चारला छत्री धरून उपकरणाचं तोंड पुसणं हाही या नोकरीचा भाग आहे, तो जाहिरातीत लिहीत नाहीत.

मांढरदेवला जाणाऱ्यांनी डोंगरावर पांढरा गोळा पाहिला असेल. देवीला जाणारे भाविक विचारतात हे कसलं देऊळ. तिथे संशोधनासाठी ढगांचे रडार बसवलेले होते. तिथून एका बाजूला घाटमाथा आणि दुसऱ्या बाजूला दुष्काळी पट्टा, दोन्हीकडचे ढग टिपता येतात. मी सांगितलेली उतरंड बघायला याहून चांगला माळा मिळणार नाही.

'मॉडेल' म्हणजे काय? कॉम्प्युटर पाऊस सांगतो म्हणजे नक्की काय करतो?

वातावरणाचे चौकोनी ठोकळे पाडायचे. प्रत्येक ठोकळ्यात आत्ताचं तापमान, दाब, वारा, दमटपणा भरायचा. मग भौतिकशास्त्राचे नियम लावून पुढच्या काही मिनिटांनी काय होईल ते काढायचं, त्यावरून त्याच्या पुढचं, असं करत पाच-दहा दिवस पुढे जायचं. कल्पना जुनी आहे. लुईस फ्राय रिचर्डसन या इंग्रज माणसाने पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर रुग्णवाहिका चालवत असताना हे गणित हाताने केलं. सहा तासांच्या अंदाजाला त्याला सहा आठवडे लागले, आणि उत्तर आलं की सहा तासांत हवेचा दाब १४५ मिलिबारने बदलेल. प्रत्यक्षात तो जवळजवळ हललाच नव्हता. तरी या गृहस्थाने १९२२ मध्ये ते सगळं, चुकलेल्या उत्तरासकट, पुस्तक करून छापलं. मला हा माणूस फार आवडतो. आजचे बहुतेक अंदाज त्याच रीतीने निघतात.

ठोकळा किती मोठा यावर बरंच काही अवलंबून. शंभर किलोमीटरचा ठोकळा घेतला तर महाबळेश्वर आणि दहिवडी एकाच ठोकळ्यात येतात आणि सह्याद्री म्हणजे एक बुटका उंचवटा होऊन बसतो. अशा मॉडेलला केळघरचा पाऊस कळायचा कसा? म्हणून ठोकळे बारीक करत जायचं. २०२५ च्या मे महिन्यात देशाने सहा किलोमीटरचे ठोकळे वापरणारी अंदाज प्रणाली सुरू केली, आधी बारा किलोमीटरचे होते. ठोकळ्याची बाजू निम्मी केली की गणित निदान आठ पट वाढतं, म्हणून पाषाणच्या संस्थेत 'अर्क' नावाचा महासंगणक लागतो.

हेच गणित दहा दिवसांऐवजी शंभर वर्षं पुढपर्यंत नेलं तर ते हवामानाचं मॉडेल होतं. त्याचा पाया ज्यांनी घातला त्यांच्यातले स्युकुरो मनाबे जपानमधल्या एका खेड्यात जन्मले आणि पुढे अमेरिकेत गेले. १९६७ मध्ये त्यांनी आणि रिचर्ड वेदराल्ड यांनी गणित मांडलं की हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर पृथ्वी सुमारे दोन अंशांहून थोडी जास्त तापेल. तेव्हाच्या कॉम्प्युटरची ताकद आजच्या साध्या मोबाइलच्या जवळपासही नव्हती. मनाबेंना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळायला २०२१ उजाडलं.

मग एवढं करून अंदाज चुकतो कसा?

या प्रश्नाला मी पूर्वी लगेच शास्त्र सांगायचे. एडवर्ड लोरेन्झ या अमेरिकन हवामानशास्त्रज्ञाने १९६१ मध्ये कॉम्प्युटरला ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ हा आकडा दिला आणि थोड्याच काळात उत्तर पूर्ण वेगळं निघालं. सुरुवातीच्या मोजमापात केसाएवढी चूक असली तरी ती वाढत जाते, त्यामुळे दोनेक आठवड्यांच्या पलीकडे रोजची हवा सांगता येत नाही. हे खरंच आहे.

पण आता मी बेदाण्याची गोष्ट सांगते. माझ्या मावशीचे यजमान तासगाव तालुक्यात आहेत. द्राक्षबाग, आणि बेदाण्याचं शेड. काही वर्षांपूर्वी मार्चमध्ये काकांचा फोन आला, "आभाळ आलंय, काय म्हणतंय तुमचं यंत्र? माल रॅकवर आहे." मी प्रवासात होते. मोबाइलवर एका मॉडेलचा एक नकाशा बघितला, तासगाववर पांढरं होतं. म्हणाले, "काही नाही हो काका, कोरडंच राहील." नीट बघितलं असतं तर कळलं असतं की सुरुवातीचे आकडे किंचित बदलून केलेल्या त्याच मॉडेलच्या दहापैकी तीन गणितांमध्ये पाऊस होता. संध्याकाळी वळीव आला, वाऱ्याने आडवा. शेडच्या कडेच्या ताडपत्र्या वर गुंडाळलेल्या होत्या. बराच माल काळा पडला.

काका रागावले नाहीत, ते जास्त लागलं. एवढंच म्हणाले, "अगं, तू 'बहुतेक' म्हणाली असतीस तरी मी ताडपत्री सोडली असती."

विद्यापीठात मला जे कुणी शिकवलं नव्हतं ते त्या एका वाक्याने शिकवलं. तीस टक्के शक्यता म्हणजे पाऊस न पडण्याचीच शक्यता जास्त. पण ताडपत्री सोडायला दोन माणसांचा अर्धा तास लागतो आणि भिजलेल्या मालाचं नुकसान लाखांत. अशा वेळी तीस टक्के खूप झाले. तेच तीस टक्के पेरणीसाठी अगदी कमी, कारण बी वाया गेलं तर दुबार पेरणी. किती टक्क्यांना हलायचं हे शेतकऱ्याने ठरवायचं, त्यासाठी टक्के त्याच्यापर्यंत पोचले पाहिजेत. मी 'हो' किंवा 'नाही' असं उत्तर देते तेव्हा त्याचा निर्णय मीच घेऊन टाकते. म्हणून हल्ली कुणी विचारलं की मी विचारते, "कशासाठी हवंय?" लोकांना वाटतं, बाई आढेवेढे घेते.

'तुरळक ठिकाणी पाऊस' असं म्हटलं की काहीही झालं तरी तुम्ही बरोबर. ही पळवाट नाही का?

हा टोमणा सांगलीत एका व्याख्यानात बसला होता. पळवाट नाही, ठरलेली भाषा आहे, फक्त तिचा अर्थ कुणी लोकांना सांगितलेला नाही. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे त्या भागातल्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी २५ टक्क्यांपर्यंत ठिकाणी. 'काही ठिकाणी' म्हणजे २६ ते ५०, 'बऱ्याच ठिकाणी' ५१ ते ७५, 'बहुतांश ठिकाणी' त्याच्या वर. तसंच पावसाच्या जोराचं. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे 'जोरदार', ११५.६ पासून 'अति जोरदार', २०४.५ पासून 'अत्यंत जोरदार'. हा तक्ता प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवायला हवा असं माझं मत आहे. निवडणुकीच्या घोषणांना जागा असते, याला का नसावी?

पंचांगात मृगाचं वाहन बेडूक आहे. मग पडणारच ना?

नक्षत्रं आणि वाहनं, दोन्ही वेगळी ठेवू.

नक्षत्रांची रीत सूर्यावर बांधलेली आहे. वर्षाचे सत्तावीस भाग, प्रत्येक साधारण साडेतेरा दिवसांचा. मृग दरवर्षी सात-आठ जूनला लागतो आणि मान्सूनही त्याच सुमाराला आपल्या दाराशी येतो. मृगाच्या पेरण्या, पुनर्वसूचा 'तरणा', पुष्याचा 'म्हातारा', हस्ताचा गडगडाट ही पिढ्यान्‌पिढ्यांची निरीक्षणं आहेत, त्यांना हवामानच म्हणतात. माझी आजी 'उघडीप' म्हणायची, तिच्यामागेही शास्त्र आहे. विषुववृत्ताजवळच्या समुद्रावरून ढगांचा पट्टा दोन ते सहा आठवड्यांनी उत्तरेला सरकत येतो, एक गेला की दुसरा येईपर्यंत खंड पडतो. डी. आर. सिक्का आणि सुलोचना गाडगीळ या हवामानशास्त्रज्ञांनी १९८० मध्ये उपग्रहाच्या चित्रांवरून हे दाखवलं.

गंमत अशी की नक्षत्रंही हळूहळू सरकतात. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो म्हणून साधारण सत्तर-बहात्तर वर्षांत मृग एक दिवस उशिरा लागतो. म्हणजे हजार वर्षांपूर्वी मृग मेच्या अखेरीसच लागत होता. पाऊस काही त्याच्याबरोबर सरकलेला नाही.

वाहनाचं मात्र गणित वेगळं. ते ठरतं आकडेमोडीने, आभाळ न बघता, आणि म्हसवडला आणि महाबळेश्वरला एकच बेडूक लागू. एवढं सांगितलं की माण तालुक्यातल्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही.

सांगलीचा महापूर हवामान बदलामुळेच आला ना?

इथे मी सावकाश बोलते, कारण समोर बसलेल्यांपैकी कुणाच्या तरी घरात पाणी शिरलेलं असतं.

आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. त्याआधी २००५, त्यानंतर २०२१. त्या २०२१ च्या जुलैत महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलिमीटर पडला, म्हणजे आमच्याकडच्या अख्ख्या वर्षापेक्षा जास्त, आणि त्याच रात्री पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगावला दरडी कोसळल्या.

हवा एक अंशाने तापली की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त वाफ मावते. पाणी जास्त असलं की पडताना जोरात पडतं. पाषाणच्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये दाखवलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या भागावर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना जवळपास तिप्पट झाल्या. वर्षाची सरासरी फारशी हलत नाही, पण पावसाचे दिवस कमी आणि कोसळणं जास्त.

म्हणून 'बदलामुळेच आला' असं मी म्हणत नाही. 'अशा पावसाची शक्यता वाढली आहे' असं म्हणते. आणि पाऊस म्हणजे पूर नव्हे. पडलेलं पाणी कोयनेत किती मावलं, कधी सोडलं, नदीच्या पात्रात आणि पुराचं पाणी पसरतं त्या सखल जागेत आपण काय काय बांधलं, हे त्यात येतं. हवामान बदलाच्या नावावर सगळं खपवणं काही जणांना सोयीचं वाटतं. आकाशावर खटला भरता येत नाही ना.

कृत्रिम पाऊस का पाडत नाही तुम्ही?

ढग लागतो. ढग नसताना विमान फिरवणं म्हणजे नुसतं इंधन जाळणं. योग्य ढग असेल तर पाऊस थोडा वाढवता येतो. सोलापूर भागात २०१८ आणि २०१९ मध्ये याचा नीट शास्त्रीय प्रयोग झाला आणि काही ठिकाणी वाढ दिसली. दुष्काळावरचा उपाय म्हणून त्याकडे बघू नका.

पोराला/पोरीला यात यायचंय. काय शिकावं लागतं?

बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र. मग बीएस्सी, शक्यतो भौतिकशास्त्र किंवा गणित घेऊन. सातारा, कराड, सांगलीच्या कॉलेजात उत्तम होतं, त्यासाठी पुण्याला खोली घेऊन राहायची गरज नाही. तिथून 'जॅम' परीक्षा देऊन आयआयटीत, किंवा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या वातावरण व अवकाश विज्ञान विभागात एमएस्सी. इंजिनिअरिंग करूनही येता येतं, पुष्कळ जण तसे येतात. पुढे नेट किंवा गेट, आणि पीएचडी. पीएचडीला पाच वर्षं धरा, सहा लागली तर घरच्यांनी तोंड पाडू नका.

खरी अडचण इंग्रजी नाही. मी दहावीपर्यंत मराठीत शिकले, इंग्रजी वर्षभरात जमतं. अडचण येते कलनशास्त्राला (कॅल्क्युलसला), कारण आपल्याकडे ते पाठ करून पास होता येतं. 'डेल' (∂) चिन्ह दिसलं की काय बदलतंय आणि कशाच्या सापेक्ष बदलतंय हे डोळ्यासमोर आलं पाहिजे. आणि प्रोग्रामिंग बीएस्सीतच शिका. मी एमएस्सीनंतर शिकले, दोन वर्षं वाया गेली.

पगार?

पीएचडीच्या पहिल्या दोन वर्षांना केंद्राची शिष्यवृत्ती महिना ३७,००० रुपये, नंतर ४२,०००, शिवाय घरभाडं. २०२३ पासून हा दर आहे. सरकारी संस्थेत शास्त्रज्ञ 'ब' म्हणून लागलात तर सातव्या वेतन आयोगाप्रमाणे मूळ पगार ५६,१०० पासून, भत्ते वेगळे. पीएचडी न करता खात्यात जायचं असेल तर वैज्ञानिक सहायकाची परीक्षा असते. हल्ली विमा कंपन्या, पवनचक्क्या आणि सौरऊर्जेवाले यांनाही अंदाज सांगणारी माणसं लागतात. आपल्याकडे चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या आहेतच. उद्या किती वीज होईल हे कुणालातरी आज सांगावं लागतं.

सॉफ्टवेअरमधल्या चुलतभावाशी तुलना करणार असाल तर आत्ताच थांबा.

मुलीसाठी हे क्षेत्र बरं का?

माझ्या लग्नाच्या वेळी एका स्थळाने विचारलं होतं, "हवामानात म्हणजे टीव्हीवर येते का?" नाही म्हटल्यावर त्यांचा उत्साह मावळला, माझाही.

ॲना मणी हे नाव मुलींना सांगा. केरळमधल्या पीरमेडच्या, १९१८ सालचा जन्म. १९४८ मध्ये पुण्यात हवामान विभागात आल्या. तेव्हा साधी उपकरणंसुद्धा परदेशातून यायची. त्यांनी शंभराच्या आसपास उपकरणांचे आराखडे प्रमाणित करून ती इथे बनवायला लावली. पुढे उपमहासंचालक पदावरून १९७६ मध्ये निवृत्त झाल्या, नंतर सूर्यप्रकाश आणि वाऱ्याची देशभर मोजमापं केली. वर ज्यांचं नाव आलं त्या सुलोचना गाडगीळ तर पुण्यातल्याच. त्या भुईमूग लावणाऱ्या शेतकऱ्यांमध्ये जाऊन बसायच्या, पेरणी कधी केली तर पावसाचा खंड चुकेल याचं गणित मांडायच्या.

त्रास नाही असं नाही. महाबळेश्वरच्या रात्रपाळीला 'मुलीला कशाला?' असं मला एका वरिष्ठाने काळजीच्या सुरात सांगितलं होतं. मी गेले. जळवा मुलगा-मुलगी बघत नाहीत.

परदेशात जावंच लागतं का?

नाही. गेलात तर चांगलं, परत आलात तर त्याहून चांगलं. मान्सून इथेच आहे.

आम्ही गावात बसून यात काही करू शकतो का?

हा प्रश्न कमी लोक विचारतात, पण मला सगळ्यात जास्त आवडतो.

पाऊस मोजा. महसूल मंडलाच्या गावी पाऊस मोजणारं स्वयंचलित केंद्र असतं, पण वळीव एका शिवारात पडतो आणि पलीकडच्यात नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. सरळ उभ्या कडांचा, बूड सपाट असलेला डबा घ्या, तोंड आणि बूड एकाच मापाचं. उघड्यावर ठेवा, झाड किंवा भिंत यांच्या उंचीच्या दुप्पट तरी लांब. वाऱ्याने पडू नये म्हणून खाली वीट रोवा. रोज सकाळी साडेआठला पट्टीने खोली मोजा, मिलिमीटरमध्ये, आणि डबा पालथा करा. साडेआठच का? देशभर तीच वेळ आहे, म्हणून तुमचा आकडा दुसऱ्यांच्या शेजारी ठेवता येतो. एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरवर एक लिटर, एकरावर चार हजार लिटर. पंचवीस मिलिमीटर पडला की तुमच्या एकरावर एक लाख लिटर ओतलं गेलं. विहिरीचा आणि वापशाचा हिशेब मग आपोआप लागायला लागतो.

दोनशे पानी वही पुरे. तारीख, आकडा, आणि जागा असेल तर वारा कुठून होता ते. ज्या दिवशी पाऊस नाही त्या दिवशी रकाना मोकळा सोडू नका, शून्य लिहा. मोकळा रकाना बघून आम्हाला कळत नाही की पाऊस नव्हता की मोजणारा लग्नाला गेला होता. माण-खटावच्या वहीत शून्यं बरीच येतील, तीही हवी आहेत.